छपरावरची टायरं

पंपाची लाईट बाराला येणार म्हणजे साडेबाराला येणार, असं धरून चला. वावर काय पळून जात न्हाय. बसा निवांत. अन् सोमेश, तो मोबाईल उलटा ठेव. उजेड डोळ्यात खुपतोय माझ्या.

मघाशी तू काय म्हणलास? जुनी गाडी घेतलीस, टायर मिळंना, अन् कुणाच्या तरी गोठ्याच्या पत्र्यावर एक बघून ठेवलंयस. मालकाला इचारलंस का? न्हाय. "पत्र्यावर वजन म्हणून तर टाकलेलं असतंय काका, त्याच्या जागी दगड ठेवला की झालं." असंच म्हणलास ना? गेल्या साली एकानं मला हेच सांगितलं होतं, शब्दन् शब्द. अन् मी मान हलवली होती. म्हणून आज ऐकून घे. मग तुला काय आणायचं ते आण.

परंड्यात स्टँडच्या मागं माझं ग्यारेज, तुम्हाला ठाऊकच हाय. चाळीस वर्षं झाली. रणधीर माझं गिऱ्हाईक, दोन कोसावरच्या वाडीचा. त्याच्या बापाची, महारुद्र अण्णांची, जुनी जावा मोटारसायकल होती. अण्णा गेले, गाडी राहिली. हा रणधीर नऊ वर्षं लेकरासाठी झुरला. दवाखाने झाले, अंगारे-धुपारे झाले. शेवटी सोनारीला गेला, भैरवनाथाच्या दारात जावा उभी केली अन् टाकीवर हात ठेवून बोलला, "देवा, लेकरू दे. वर्षाचं व्हायच्या आत ह्याच गाडीवर, ह्याच चाकांवर बसवून तुझ्या पायाशी आणतो."

बोलायला जीभ पुरते. फेडायला हाडं लागतात. पोरगी झाली. नाव राजेश्वरी, घरात सगळे राजी म्हणायचे. सावळी, हसली की खालचे दोन दात दिसायचे. तिच्या आईनं, सोनालीनं, तिला काळ्या मण्यांच्या मनगट्या सोताच्या हातानं ओवल्या होत्या. एका हातात आठ मणी, दुसऱ्यात आठ. हे आठ ध्यानात ठेवा.

गेल्या साली एप्रिलच्या सत्तावीस तारखेला रविवार अन् अमावस्या एकत्र आली. मंगळवारी पोरगी वर्षाची होणार. रविवार हा भैरवाचा वार, म्हणजे जायचं ते त्याच दिवशी. पुढं दिवस न्हाय. अन् हा पठ्ठ्या एप्रिल लागल्यावर गाडी बघायला गेला. टायरं पार भेगाळलेली, कडेनं सुतं बाहेर आलेली. हवा भरली की फुगा यायचा. नवस ध्यानात, टायर न्हाय ध्यानात. आपली माणसं अशीच.

आता जावाची चाकं सोळा इंची. हल्लीच्या गाड्यांना सतरा न्हायतर अठरा. सोळाचं मिळालंच तर ते जाडजूड, चाक धरणाऱ्या मागच्या चिमट्यात अडकतं, फिरत न्हाय. रणधीर पंधरा दिवस हिंडला. बार्शी झाली, कुर्डुवाडी झाली, सोलापूर झालं. मोबाईलवर मागवलं तर एकोणीस इंची आलं, म्हशीच्या गळ्यात घालायच्या लायकीचं. उमरग्याला हायवेवर उमाशंकर म्हणून माझ्या ओळखीचा टायरवाला हाय, त्याच्याकडं पाठवला. तिथं ट्रकच्या टायरांचे ढीग लागलेले. उमाशंकरनं पार हैदराबादपर्यंत फोन लावले अन् म्हणाला, "भौ, ट्रकचं माग, आत्ता देतो. हे मागवायला तीन महिने लागतील."

मी म्हणलं, रिम बदलू, सतराची टाकू. तर म्हणतो, "मिस्त्री, ह्याच चाकांवर म्हणलोय मी." मी म्हणलं, मग बोलेरो कर अन् जा, देव काय दारात बसून चाकं मोजतोय का? तर माझ्यावरच डाफरला. बाप बी असाच होता.

शुक्रवारी संध्याकाळी तो दुसऱ्या गाडीवर सोनारीच्या रस्त्यानं येत होता. ओढ्याच्या अलीकडं वावरात एकटी पत्र्याची शेड हाय. वर दगड, एक मोडका नांगर, अन् दोन टायरं. पंधरा दिवस एकच माप बघून नजर बसलेली. लांबूनच ओळखलं, सोळा.

शेडमध्ये एक म्हातारी राहायची, धुरपताबाई. एकटीच. चार शेळ्या. रणधीरनं हात जोडले. "मावशी, वरची ती टायरं मला द्या. पाहिजे तर सगळे पत्रे नवे बसवून देतो."

"ती खाली यायची न्हाईत."

"का पण?"

"त्यास्नी भुई दावायची न्हाय. जा तू."

हा हलंना. ह्यानं सगळं सांगून टाकलं. लेकराचा नवस, रविवार, अमावस्या. म्हातारीचं तोंडच बदललं.

"तुझ्या घरी लेकरू हाय?"

"हाय की. वर्षाचं होतंय."

तिनं वाकून ढेकूळ उचललं अन् त्याच्या छातीवर हाणलं. "मग हितं उभा बी राहू नको! चालता हो!" दुसरं ढेकूळ गाडीच्या आरशावर बसलं. आरसा फुटला.

मला हे सांगताना रणधीर हसत होता. "म्हातारीचं डोकं सरकलंय मिस्त्री. पत्र्यावर वजन म्हणून टाकलेलं टायर, त्याचा एवढा माज. त्याच्या जागी दगड ठेवला की झालं." मी बी हसलो. मान हलवली.

शनिवारी दिवस मावळायला म्हातारी शेळ्यांमागं ओढ्यात गेली. तेवढ्यात ह्यानं मित्राचा टेम्पो शेडला खेटून लावला, हौद्याच्या फळीवर चढला, टायरं उचलली अन् थेट टेम्पोत टाकली. अन् चोर म्हणावं तर असा, की त्या जागी दोन चांगले जड दगड ठेवून आला. वाऱ्यानं म्हातारीचा पत्रा उडू नये म्हणून! त्याला वाटलं, फिटंफाट झाली.

आठ वाजता टायरं माझ्या बाकड्यावर.

आता ऐका. चार-चार उन्हाळे पत्र्यावर तापलेलं टायर कसं असतं? वाळलेल्या चामड्यागत. वाकवलं की तुकडे पडतात. ही टायरं मऊ होती. कोमट. बरं, दिवसभराचं ऊन असंल म्हणलं. पण खाचांत चिखल होता. एप्रिल महिना, आडाला पाणी न्हाय, अन् ह्यांच्या खाचांत चिखल. बोटानं काढला. ओला. आत्ता कुणी वावरातून काढून आणल्यागत.

अन् तिसरी गोष्ट मी रणधीरला सांगितली न्हाय. मागच्या टायरला आडवा काप होता. आतून हात फिरवला अन् हात थांबला. कापाला गेटर लावलेलं होतं. गेटर म्हणजे जुन्या टायरचा तुकडा, आतून चिकटवतात. ह्या गेटरचे चारी कोपरे गोल कातरलेले. सगळ्या परंडा तालुक्यात गेटरचे कोपरे गोल कातरणारा एकच माणूस हाय. तो तुमच्यापुढं बसलाय.

ते टायर सिदूचं होतं. सिदू म्हणून एक पोरगा यायचा माझ्याकडं, त्याची बी जावा होती. चार वर्षांमागं ॲक्सिडेंटमध्ये गेला. त्याचं घर मी कधी बघितलं नव्हतं. ही धुरपताबाई त्याची आई, हे मला त्या बाकड्यावर उमगलं.

सांगायला पाहिजे होतं. मेलेल्या माणसाच्या गाडीचं टायर हाय, लेकरू बसवू नको. तोंड उघडलं बी. पण रणधीर समोर उकिडवा बसलेला, पंधरा दिवसांत पहिल्यांदा तोंडावर उजेड. अन् खरं सांगू? मला बी मिरवायचं होतं. जावा उभी करावी तर गोरोबा मिस्त्रीनंच. गप बसलो. थू माझ्या जिनगानीवर. एक शब्द बोललो असतो तर आज ही गोष्ट तुम्हाला सांगायची वेळ आली नसती.

गाडी विटांवर चढवलेली होती. टायरं बसवली. हवा भरली. पुढचं चाक अधांतरी होतं. ते हळूच फिरायला लागलं.

मी हातानं धरलं. थांबलं.

हात काढला. परत फिरायला लागलं. पुढं. नेहमी पुढंच.

बेरिंग मोकळं झालं की होतं असं, मी मनाला म्हणलं. चाळीस वर्षांत एकदा बी झालेलं न्हाय.

अकरा वाजून वीस मिनिटांनी विटा काढल्या. चाकं भुईला टेकली. स्टँडवर कुत्र्यांची भांडणं चालली होती. एकदम गप झाली. सगळीच्या सगळी.

रणधीरनं किक मारली. "उद्या पेढे आणतो, मिस्त्री." गेला.

मी ग्यारेजपुढं बाज टाकून पडलो. उकाडा लई. डोळा लागंना. दीड वाजला असंल. समोर कुणीतरी उभं होतं. म्हातारी बाई. अनवाणी. गुडघ्यापर्यंत धूळ.

"मिस्त्री, टायरं तुमच्याकडं आली?"

"आली."

"भुईला लागली?"

मी बाजेवर उठून बसलो.

"लागली का?"

"लागली, मावशी."

ती मटकन खाली बसली. रडली न्हाय. शिव्या दिल्या मला. माझ्या सात पिढ्यांना दिल्या. मी ऐकून घेतल्या. मग तिनं सांगितलं.

सिदूचा बी नवस होता. सोनारीचाच. वर्षाच्या पोरीला उपरण्यानं छातीशी बांधून आवसंच्या रात्री निघाला, पहाटेच्या आरतीला पोचायचं म्हणून. ओढ्यापाशी उसाची ट्रॉली उभी होती. मागं दिवा न्हाय. पोरगी उपरण्यातून उडाली, अंधारात कुठं पडली ते त्याला दिसलं न्हाय. शेजारच्या वावराला त्या रात्री पाणी दिलेलं. तुमच्यासारखंच कुणीतरी रात्रीच्या लाईटीवर देऊन गेलेलं. सकाळी सिदू सापडला तो रस्त्यावर न्हाय, चिखलात. दोन्ही पाय मोडलेले, अन् हातांवर सरकत पंचवीस हात आत गेलेला. पोरीला हुडकत. अन् पोरगी होती रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, जीव गेलेली.

"त्याला गावली न्हाय, मिस्त्री," म्हातारी म्हणाली. "आजून हुडकतोय. गाडी पोलिसाकडनं घरी आली तवापासनं दर आवसंला आपली आपण निघायची. सकाळी चाकाला वल्ला चिखल. बाकी गाडी म्या मोडीत दिली. टायरं जाळली, पेटली न्हाईत. इकली असती तर दुसऱ्याच्या दारात गेली असती. म्हून वर टाकली. भुईला लागली की ती लेकरू हुडकत्यात. कुणाचं बी."

रणधीरला फोन लावला, उचलंना. मी मोपेड काढली. म्हातारी मागं बसली. रणधीरच्या वाडीच्या रस्त्याला लागलो अन् फोन वाजला. दोन वाजून दहा मिनिटं.

"मिस्त्री... गाडी न्हाय."

"पोरगी?"

मी मोपेड थांबवली.

"रणधीर, पोरगी कुठाय?"

मागून सोनालीचा आवाज आला. त्याला किंकाळी म्हणत न्हाईत. त्याला काय म्हणतात मला ठाऊक न्हाय.

"वाडीला नगं," म्हातारी कानाशी म्हणाली. "सोनारीच्या रस्त्याला घ्या. ती तिकडंच जाणार."

ओढ्याच्या अलीकडं तिनं थांबवलं. "हितं. हितंच पडला त्यो. दिवा घालवा."

दिवा घालवला. आवसंची रात्र. सोताचा हात दिसंना. रातकिडा न्हाय. वारं न्हाय.

मग आवाज आला. लांबून.

जावाचा.

रणधीरच्या गाडीचा आवाज भरीव. मीच बांधलेलं इंजिन ते. हा आवाज तसला नव्हता. फुटका होता. डाव्या सायलेन्सरला भोक पडलेल्या गाडीचा. तसली गाडी एकच होती. मी त्याला किती वेळा म्हणलो, बदलून टाकू. सिदू म्हणायचा, "राहू द्या काका. आई आवाजावरनं ओळखती मला."

जवळ आला. दिवा न्हाय. नुसता आवाज.

आणखी जवळ.

म्हातारी रस्त्याच्या मधोमध गेली. दिसली न्हाय मला, पावलं ऐकू आली. थांबली.

"सिदू."

आवाज तसाच येतोय.

"सिदू, ती आपली न्हाय."

तसाच. आता हातावर. धूळ माझ्या तोंडावर उडाली...

"आपली गावली रं, लेकरा. ती माझ्यापाशी हाय. म्या निजवलीय तिला."

बंद.

इंजिन बंद. सगळंच बंद.

मग लेकरू रडलं.

मी टॉर्च लावली. उजेड पुढं टाकला. गाडी म्हातारीच्या पदरापासून टीचभर. उभी. स्टँड वर घेतलेला. कुणी धरलेली न्हाय. अन् टाकीवर राजी. वर्षाचं लेकरू, पण ताठ बसलेलं. दोन्ही बाजूंनी कुणीतरी घट्ट धरल्यागत.

म्हातारीनं तिला उचललं. तशी गाडी धाडकन आडवी झाली.

"आता काढा. भुईला टेकू देऊ नगा."

मोपेडच्या पिशवीत टायर उचकटायची टॉमी अन् पाने होते. टॉर्च दातात धरला. एकेक चाक मांडीवर घेऊन टायर उतरवलं. आयुष्यात असलं काम केलं न्हाय. तो चिखल माझ्या धोतराला लागला. ते धोतर मी परत नेसलो न्हाय. म्हातारीनं लेकरू माझ्याकडं दिलं, दोन्ही टायरं खांद्यात अडकवली अन् शेडकडं चालत गेली. मागं वळून बघितलं न्हाय. मी त्याच लायकीचा होतो.

मी फोन लावल्यावर रणधीर पळत आला तेव्हा पोरगी माझ्या मांडीवर निजलेली. बापानं तिला उचललं अन् रस्त्यातच बसला. उजाडल्यावर मी त्याचं अंगण बघितलं. उकाड्यामुळं तिघं बाहेर बाजेवर निजलेली. धुळीत चाकाचा माग. दर सहा फुटांवर आडव्या कापाचा ठसा, सोळाच्या चाकाचा एक फेरा तेवढाच भरतो. गाडी लावली होती तिथून बाजेपर्यंत. बाजेपासून फाटकाबाहेर. माणसाचं पाऊल एक न्हाय.

त्याच दिवशी ते बोलेरोनं सोनारीला गेले. रणधीरनं देवापुढं नाक घासलं. जावा परत घरी नेली न्हाय. माझ्या ग्यारेजच्या मागं विटांवर हाय, टायराविना.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या आधी धुरपताबाई गेली. पोरीचं काय केलं होतंस, कुठं निजवली होतीस, हे इचारायचं माझं राहूनच गेलं. शेड आता ओस हाय. टायरं वरच हायेत. दर अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी मी जाऊन बघतो, दगडावर चढून, हात लावून. कोरडी असायची. पाच अमावस्या कोरडी.

ह्या अमावस्येला आज सहा दिवस झाले. गेलो. चढलो.

खाचांत चिखल.

ओला.

अन् चिखलात कायतरी रुतलेलं. मी पंक्चरच्या सुईनं उकरून काढलं.

तसाच वाडीला गेलो. सोनाली म्हणाली, या काका, चहा घ्या. राजी खाटेवर निजलेली. आता चांगली दोन वर्षांची होत आली. मी तिचा हात हातात घेतला, जशी नाडी बघतात. मनगट्या त्याच. सोनालीनं मारलेली गाठ तशीच, दोरा कुठं तुटलेला न्हाय. उजव्या हातात मोजले. आठ.

डाव्या हातात सात.

सोनालीला काय सांगू? चहा प्यालो अन् आलो. पुढच्या आवसंला रस्त्यात आडवं व्हायला म्हातारी न्हाय. मी जाईन. जाणारच हाय. पण सिदू आईचं ऐकत होता. माझं कशाला ऐकंल?

हात पुढं कर, सोमेश. घाबरतोस काय, मघाशी तर पत्र्यावर चढायला निघाला होतास. ही तंबाखूची डबी. पाच दिवस माझ्या खिशात हाय, एवढ्या उन्हाच्या काहिलीत. हा बघ. काळा मणी. त्याला चिकटलेली माती बघ.

लाव बोट.

...लाव.

...

ओली हाय ना?